सहा मिनिटं जास्त

“हे बिघडलेलं नाहीये,” तो म्हणाला. “याला चावी दिलेली नाहीये.”

बाबांचं जुनं मनगटी घड्याळ त्याच्या तळहातावर होतं. त्याने दोन बोटांनी कडेची चावी हलकेच दहा-बारा वेळा फिरवली, आणि सेकंदाचा काटा काही झालंच नाही अशा थाटात चालायला लागला.

“झालं?” मी विचारलं.

“झालं. रोज सकाळी एकदा द्यायची. विसरलात की ते रुसतं.”

“घड्याळं रुसतात?”

“तुमच्या वडिलांच्या वयाचं आहे. या वयात मान लागतो.”

मला हसू आलं. आणि नेमकं तेच मला त्या संध्याकाळी नको होतं, कारण मी क्लासमधून निघाले होते ती घरी जाऊन मनसोक्त रडायचं ठरवून. तासाभरापूर्वी मी संगणकावर सराव परीक्षा दिली होती. पडद्याच्या कोपऱ्यात उलटे पळणारे आकडेच मी शेवटपर्यंत बघत राहिले, आणि प्रश्न तसेच राहिले. यापुढे घरीच कागदावर सराव करायचा, जुनं घड्याळ समोर ठेवायचं, असं ठरवलं, तर हातातलं ते घड्याळही बंद निघालं. म्हणून वाटेत दिसलेल्या पहिल्या दुकानात शिरले होते.

छोटंसं दुकान. तीन भिंती घड्याळांनी भरलेल्या, एक टेबल, एक दिवा, आणि टेबलामागे हा... तीस-एकतीसचा असेल. कपाळावर सरकवलेलं भिंग, आणि ते सतत डोळ्याला लावून उजव्या डोळ्याभोवती उमटलेलं लालसर गोल वर्तुळ. देखणा वगैरे नव्हता. पण त्याच्या हालचालींत कुठे म्हणून घाई नव्हती, आणि त्या दिवसांत मला घाई नसलेला माणूस बघायलासुद्धा मिळत नव्हता.

“एक विचारू?” तो म्हणाला. “पाच मिनिटांत तुम्ही अकरा वेळा वेळ बघितलीत. कुठे पोचायचंय?”

“मोजलंत तुम्ही?”

“सवय आहे.”

मग मी सांगून टाकलं. अनोळखी माणसाला सांगणं सोपं असतं. मॅनेजमेंटच्या कॉलेजांची प्रवेश परीक्षा. तीन भाग, उतारे, तर्क आणि गणित, प्रत्येकाला चाळीस मिनिटं. चाळीस झाली की तो भाग आपोआप बंद, मागे जाता येत नाही.

“चाळीस मिनिटं पुष्कळ झाली,” तो म्हणाला. “तेवढ्यात मी एक घड्याळ उघडून साफ करतो.”

“तुमचं घड्याळ तुम्हाला प्रश्न विचारत नाही.”

“विचारतं की. फक्त चार पर्याय देत नाही.”

ऑफिसात माझी जीभ कात्रीसारखी चालते अशी माझी ख्याती होती, आणि इथे एका घड्याळजीने मला गप्प केलं होतं.

“तुमची अडचण गणित नाही,” तो म्हणाला. “तुमची अडचण घड्याळ दिसतं ही आहे. मी एक ते चार दुकान बंद ठेवतो, शटर अर्धं खाली. आत बसून दुरुस्तीची कामं करतो. त्या बाकावर बसा. भिंतीवरची एकमेकांशी जुळत नाहीत; बरोबर चालणारं घड्याळ माझ्याकडे तोंड करून राहील. तुम्ही फक्त लिहायचं. वेळ सांभाळणं माझं काम.”

मी नाही म्हणायला हवं होतं. पण घरी ताई तिच्या जुळ्यांना घेऊन माहेरपणाला आली होती, ती तिसरा महिना संपला तरी हलायचं नाव घेत नव्हती. ते दोघे माझ्या सराव-पत्रिकांची विमानं करायचे. मी “उद्या बघते” म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी बरोबर एक वाजता त्या अर्ध्या शटरखालून वाकून आत गेले.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात, माल रवाना करण्याच्या विभागात, सकाळी सहा ते साडेबाराची पाळी. कुठला ट्रक किती खोकी घेऊन निघाला हे मी नोंदवायची. कुठला ट्रक कुठे पाठवायचा हे मात्र वरचे साहेब ठरवायचे, आणि रोज चुकीचं ठरवायचे. एकाच रस्त्याने दोन अर्धे भरलेले ट्रक. मी एकदा कागदावर मांडून दाखवलं, तर ते हसून म्हणाले, “आधी डिग्री घेऊन ये, मग मला शिकव.” त्या दिवसापासून हे माझ्या डोक्यात बसलं होतं. मला ट्रक नोंदवायचे नव्हते, ठरवायचे होते. बाबा म्हणाले, “एक वर्ष घे.” आईने देवाला काय सांगितलं ते तिलाच माहीत.

तर अशा दुपारी सुरू झाल्या. एकला पोचायचं, डबा खायचा, एक वीसला पहिला भाग. तो म्हणायचा, “करा सुरू.” अर्ध्यावर हळूच, “वीस.” आणि शेवटी, “बस्स.” एवढंच. मध्ये फक्त घड्याळांची टिकटिक, आणि त्याच्या चिमट्याचा बारीक आवाज. अर्ध्या शटरच्या खालून ऊन आत यायचं आणि तासागणिक माझ्या पायांकडे सरकायचं.

आधी आम्ही भागांच्या मधेच बोलायचो. मग डबा खाताना. मग मी डबा जरा लवकर आणायला लागले.

“तुम्ही शेवटच्या पाच मिनिटांत पेन्सिल चावता,” तो म्हणाला एकदा.

“तुम्ही तुमचं काम करा ना. माझ्याकडे कशाला बघता?”

“वेळ सांभाळतोय.”

“वेळ माझ्या तोंडावर लिहिलीये?”

“हो,” तो म्हणाला, आणि पुन्हा भिंग डोळ्याला लावलं. मान खाली, पण कान लाल झालेले मला स्पष्ट दिसत होते.

ताई घरी छळायची. “घड्याळ दुरुस्त व्हायला किती महिने लागतात गं?”

“जुनं आहे.”

“घड्याळ की घड्याळजी?”

मी तिच्या एका जुळ्याला उचलून तिच्या मांडीवर ठेवायची आणि निघून जायची.

आणि खरंच, माझी भीती गेली. दोन महिन्यांत मी सारखी वेळ बघणंच सोडलं. हातातली लय बसली. एक उतारा, पुढचा उतारा, धाप न लागता. पेपर पूर्ण व्हायला लागले, गुण चढायला लागले. क्लासमधल्या संगणकावरच्या सराव परीक्षांना मी जाणंच सोडलं. कशाला जायचं? इथे सगळं छान चाललं होतं. मी मनातल्या मनात कॉलेजही निवडून ठेवलं होतं, दोन नंबरचं, कारण पहिल्याची हाव बरी नव्हे असं मला वाटत होतं. मनात मांडे खायचे तर त्यातही मी काटकसर करणारी.

परीक्षेच्या आदल्या दुपारी त्याने विचारलं, “मिळालं तर... दोन वर्षं बाहेर?”

“हो.”

“बरं,” तो म्हणाला. मग पाचेक मिनिटांनी, “चांगलं आहे,” म्हणाला. मग आणखी थोड्या वेळाने, “सुट्टीत येता येतं का?”

मी हो म्हटलं. त्या ‘हो’मध्ये काय काय होतं, ते त्याला कळलं असावं, कारण त्या दिवशी त्याच्या हातून चिमटा दोनदा पडला.

परीक्षा हॉलमध्ये मी घाबरले नाही, हे मला आजही सांगावंसं वाटतं. कोपऱ्यातल्या आकड्यांकडे बघितलंसुद्धा नाही. दुकानातल्यासारखीच शांतपणे एकामागून एक सोडवत गेले, शेवटच्या उताऱ्याशी पोचले, तो वाचायला घेतला... आणि पडदा बदलला. भाग संपला होता. दुसऱ्या भागात तेच, तिसऱ्यात तेच. प्रत्येक वेळी मी दाराशी पोचायची आणि दार बंद.

निकाल लागला तेव्हा पंचाण्णवच्या पुढची आशा होती, आले बहात्तर पर्सेंटाइल. बाबा “हरकत नाही” म्हणाले, ते इतक्या लगेच की त्यांनी आधीच पाठ करून ठेवलं असावं. आईने ताट वाढलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. ऑफिसात साहेबांनी विचारलं, “मग? कधी शिकवतेस?” मी समोरच्या ट्रकची नोंद पुरी केली आणि एक वाजता दुकानात गेले. दुसरं कुठे जाणार होते?

“बहात्तर,” मी म्हणाले, आणि बाकावर बसून ढसाढसा रडले. रडता रडता म्हणाले, “मला सगळं येत होतं हो. वेळ कुणी चोरला तेच कळलं नाही. इथे पूर्ण व्हायचं, तिथे का नाही झालं?”

मी वर बघितलं. तो उभा होता, चेहरा पांढराफटक.

“तिथे चोरला नाही कुणी,” तो म्हणाला. “इथे... मी जास्त दिला होता.”

“म्हणजे?”

“रोज थोडा थोडा जास्त,” तो म्हणाला. “एकदा तुम्ही ऑफिसातून आला होतात, साहेब पुन्हा हसले होते त्या दिवशी. एक उतारा राहिला होता. चाळीस झाली होती. पेन्सिल चावत होतात. मला बस्स म्हणवेना. एक मिनिट थांबलो. तुम्ही पूर्ण केलंत आणि हसलात. दुसऱ्या दिवशी दोन मिनिटं थांबलो. मग...”

“मग किती?”

“शेवटी शेवटी सहा.”

“प्रत्येक भागाला?”

त्याने मान डोलावली.

मी उठले. त्या क्षणी मला सगळं लख्ख दिसलं. त्याने मला घड्याळाकडे न बघता चालायला शिकवलं होतं, आणि मी शिकलेही होते, पण माझ्या अंगात भिनलेली चाळीस मिनिटं सेहेचाळीसची होती.

“तू...” मी म्हणाले. इतके महिने ‘तुम्ही’ चाललं होतं. रागात पहिल्यांदा ‘तू’ निघालं, आणि एवढ्या रागातही ते माझ्या लक्षात आलं, त्यामुळे राग आणखी वाढला. “तुला कुणी सांगितलं होतं माझी दया करायला? मी तुझ्याकडे वेळ सांभाळायला दिला होता.”

“दया नव्हती ती.”

“मग काय होतं?”

त्याने कपाळावरचं भिंग काढून टेबलावर ठेवलं. “वडील म्हणायचे, गिऱ्हाइकाला घड्याळ उशिरा द्यावं, पण चुकीचं देऊ नये. मी आयुष्यात एकदाच चुकीचं दिलं. ते तुला दिलं.”

“वर्ष गेलं माझं,” मी म्हणाले, आणि शटरखालून वाकून बाहेर पडले. रागाने तावातावाने निघून जाताना कमरेत वाकावं लागणं यासारखी नामुष्की नाही.

अठरा दिवस मी गेले नाही. त्या रस्त्यानेही गेले नाही, लांबचा वळसा घालून घरी यायची. ताईने विचारलं नाही, म्हणजे तिला सगळं कळलं होतं.

एकोणिसाव्या दिवशी, रविवारी, मी बाबांना हाताशी घेतलं. “चाळीस मिनिटं झाली की थांब म्हणा. एक सेकंद जास्त नाही.” बाबांनी हे काम पोलिसी इमानाने केलं. पुन्हा तेच, शेवटचा उतारा राहिला. मी तो राहिलेला उतारा बघत बसले, आणि कुठल्याशा दुपारची शाळेची घंटा मला आठवली.

दुकानाच्या पलीकडे एक शाळा होती. तिची मधली सुट्टी बरोबर दोनला संपायची, घंटा व्हायची. आम्ही एक वीसला सुरू करायचो. म्हणजे घंटा आणि त्याचं ‘बस्स’ एकत्र यायला हवं. पहिल्या महिन्यात येतही होतं. मग घंटा आधी व्हायला लागली, आणि ‘बस्स’ नंतर. जरा नंतर, मग बरंच नंतर. मी ऐकत होते. शाळेचा शिपाई हल्ली फार घाई करतो, असं मी स्वतःला सांगायची, मान खाली घालून शेवटचा उतारा पूर्ण करायची, आणि वर बघून हसायची.

त्याने सहा मिनिटं दिली होती हे खरं. मी ती मुकाट्याने घेतली होती हेही तितकंच खरं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, माझं तर अंगण खरंच वाकडं होतं, पण ते मला नाचताना दिसत होतं आणि मी कानाडोळा केला होता. का? तर पेपर पूर्ण झाला की बरं वाटायचं. आणि मी हसले की त्याचे कान लाल व्हायचे, ते मला बघायचं असायचं. झालं. एवढंच कारण.

सोमवारी मी गेले. शटर अर्धं खाली होतं. तो टेबलाशी बसला होता, समोर काही उघडलेलं नव्हतं.

“मला घंटा ऐकू यायची,” मी म्हणाले.

“कुठली?”

“शाळेची. दोनची.”

त्याने शटरखालून पलीकडे, शाळेच्या दिशेने बघितलं. मग त्याने डोळे मिटले.

“म्हणजे तुला माहीत होतं?”

“अर्धंमुर्धं. पूर्ण माहीत होऊ नये म्हणून मी मोजलं नाही.” मी बाकावर बसले. “त्यामुळे राग अर्धाच राहिलाय. तोही चांगला मोठा आहे, हुरळून जाऊ नकोस.”

“नाही जात.”

“मी पुन्हा बसणार आहे परीक्षेला. बाबा आणखी एक वर्ष म्हणालेत. इथे बसू की दुसरीकडे बघू?”

“दुसरीकडे बघ,” तो म्हणाला. “मी पुन्हा तेच करीन. तुझं तोंड बघून माझ्याच्याने होत नाही.”

“मग तोंड बघू नकोस.”

“ते तर त्याहून होत नाही.”

भिंतीवरची साठेक घड्याळं टिकटिकत राहिली.

दुसऱ्या वेळी मला जे पर्सेंटाइल मिळाले, ते काही पेपरात फोटो येण्याजोगे नव्हते. माझं दोन नंबरचं कॉलेज मिळालं नाही. पण एक बरं कॉलेज मिळालं, दोन वर्षं मी तिथे राहिले, प्रत्येक सुट्टीत आले, आणि गेली अकरा वर्षं ट्रक कुठे जायचे ते मी ठरवते. नव्याने लागलेल्या मुली मला विचारतात, पहिल्या वेळी कमी पडल्यावर तुम्ही कशा सावरलात? मी त्यांना सरावाचं, वेळापत्रकाचं काहीबाही सांगते. खरं उत्तर त्या सोमवारच्या दुपारचं आहे, आणि ते ऑफिसात सांगण्यासारखं नाही.

कारण त्या दुपारी मी पिशवीतून पेपर काढला आणि म्हणाले, “एकदा करून बघ. जमलं नाही तर मी दुसरीकडे जाते.”

त्याने घड्याळ स्वतःकडे वळवलं. “कर सुरू.”

मी सुरू केलं. “वीस,” तो म्हणाला. मी भराभर पुढे गेले. शेवटून दुसरा उतारा संपला, शेवटचा घेतला, त्यातले दोन प्रश्न झाले. तिसऱ्याचं उत्तर समोर दिसत होतं, पर्याय दोनवर आले होते, माझी पेन्सिल दातांत गेली.

“बस्स.”

“एक मिनिट,” मी म्हणाले. “हा एकच. झालाच आहे.”

“नाही.”

“अरे, झालाच आहे, फक्त खूण करायची...”

“पेन्सिल खाली ठेव.”

मी वर बघितलं. त्याचे डोळे भरले होते, ओठ दाबलेले, आणि एक हात माझ्या पेपरावर पालथा ठेवलेला. तो हात उचलत नव्हता. दोन प्रश्न राहिले होते. मी पेन्सिल खाली ठेवली, आणि मला रडू फुटलं. रागाचं, हरल्याचं, आणखीही कशाचं तरी. तो जागचा हलला नाही. त्याने समजूत घातली नाही, पाणी दिलं नाही, उद्या होईल म्हणाला नाही. मी रडत असताना तो नुसता समोर बसून राहिला, आणि ते त्याला किती जड जात होतं हे मला दिसत होतं. इतकं मला कुणी कधी दिलं नव्हतं.

मी डोळे पुसले. “त्या दिवशी मी विचारलं होतं, दया नव्हती तर काय होतं. तू सांगितलं नाहीस.”

“आत्ता सांगू? तू रडतेयस.”

“मग काय, मुहूर्त बघणार आहेस?”

तो हसला नाही. पेपरावरचा हात त्याने अजून उचलला नव्हता.

“मला तू आवडतेस,” तो म्हणाला. “तेव्हा वेळ दिला तो म्हणून. आणि आज दिला नाही, तोही म्हणूनच.”

मी नाक पुसलं. मुलींनी अशा वेळी काय म्हणायचं असतं, ते मी कुठेतरी वाचलं होतं, पण त्यातलं एकही वाक्य आठवेना.

“पुढचं समजलं,” मी म्हणाले. “पहिलं वाक्य पुन्हा म्हण.”

त्याने म्हटलं. मग मी त्याच्या पेपरावरच्या हातावर माझा हात ठेवला, आणि आम्ही उरलेले दोन भाग त्या दिवशी केलेच नाहीत. चार वाजता त्याने शटर वर ढकललं, तेव्हा बाहेर दोन गिऱ्हाइकं उभी होती.